पायगाववाली

आमच्या गल्लीत अजून तिचं नाव निघालं की बाया हळहळतात. ‘भल्ली बाई होती वं’ म्हणतात. मीही मान डोलावते. पण मान डोलावताना माझ्या पोटात जी कळ उठते ती हळहळीची नाही, जळफळाटाची आहे. उगाच खोटं कायले बोलू? ती इथं होती तेव्हाही मी तिच्यावर जळत होते अन् ती गेल्यावरही जळते. फरक एवढाच की आता ती समोर नसते, म्हणून जळणं जरा सोयीचं झालंय.

नाव तिचं शीला राठोड. दिग्रसजवळच्याच एका तांड्यावरची, बंजाऱ्याची पोर. पण गल्लीत तिला शीला कुणी म्हटलंच नाही. सगळे म्हणायचे पायगाववाली. आमच्याकडे बाईला तिच्या गावावरून ओळखायची रीत आहे. पुसदवाली, आर्णीवाली, उमरखेडवाली. आता हे पायगाव कुठलं ते सांगते, पण त्याआधी आमचा अड्डा सांगायला पाहिजे.

माझं मॅचिंग सेंटर आहे. ब्लाऊजपीस, अस्तर, लेस, बटणं. दुपारी गिऱ्हाईक नसतं. जेवणं आटोपली की दुकानाच्या मागच्या खोलीत चटई पडते आणि आम्ही चौघी मेंढीकोट खेळतो. मी, समोरच्या घरातली रुखसाना, आमच्या शारदा मंडळाची अध्यक्ष संगीता, आणि देशमुखकाकू, ज्यांना ऐकू कमी येतं पण समजतं जास्त. मेंढीकोट हा जोडीचा खेळ. दोघीदोघी समोरासमोर बसतात आणि मिळून दहे पकडतात, दह्यालाच मेंढी म्हणायचं. माझी जोडीदार रुखसाना. तिच्या नवऱ्याचं मोटर वायंडिंगचं दुकान आहे. ती लग्न होऊन इथं आली तेव्हापासून आम्ही समोरासमोर बसतो. तिनं नाक खाजवलं की इस्पीक, कान ओढला की बदाम, ओढणी सावरली की चौकट, खोकली की किलवर. हे आम्ही कधी ठरवलं नाही, बसता बसता झालं. माझ्या नवऱ्याशीसुद्धा माझं इतकं कधी जमलं नाही. शारदोत्सवात मंडळाची मेंढीकोटची स्पर्धा असते. ती आम्ही दोघींनीच जिंकायची, बाकीच्यांनी दुसऱ्या नंबरासाठी खेळायचं, असं जवळजवळ ठरलेलंच होतं.

अन् मग रुखसानाच्या माडीवरच्या खोलीत ही बाई भाड्यानं आली. चाळिशीची. केस मागे घट्ट बांधलेले, इस्त्रीचा शर्ट, काळी पँट, पाठ ताठ. बोलणं हळू आणि मोजकं. सासर सोडून कित्येक वर्षं ती मोठ्या जहाजावर होती. त्या जहाजाच्या पोटात म्हणे हॉटेलं, दुकानं, कॅसिनो, सगळं असतं. त्या कॅसिनोत ही पत्ते वाटायची. आई आजारी पडली म्हणून परत आली होती. आई तांड्यावर भावाकडे, पण भावजयीनं हिला घरात ठेवून घेतलं नाही. म्हणून ही दिग्रसला खोली करून राहिली. सकाळी स्कूटीनं तांड्यावर जाऊन आईचं न्हाणंधुणं, खाणं-औषध सगळं करायची अन् दुपारी परत यायची. फोनवर आईशी बंजाऱ्यांच्या गोरबोलीत ‘याडी, याडी’ करताना तिचा आवाज मऊ व्हायचा. तेवढ्यापुरताच.

पहिल्या दिवशी रुखसाना तिला दुकानात घेऊन आली. मी चहाचा कप पुढे केला तर बाई हात पुढे करेना. नुसती चटईकडे पाहते. कप खाली ठेवला तेव्हा उचलला. संगीतानं चतुर्थीचा प्रसाद दिला, तेव्हाही तेच. बोटानं जागा दाखवून म्हणते, “इथं ठेवा ना ताई.” माझं डोकंच फिरलं. संध्याकाळी मी रुखसानाच्या घरी गेले अन् सरळ विचारलं.

“काहून वं, तुह्या भाडेकरणीले आमच्या हाताचा विटाळ होते का?”

रुखसाना हसत सुटली. “अवं, ते तिच्या कामाची आदत आहे. गिऱ्हाइकाच्या हातातून काही घ्यायचं नाही, हातात काही द्यायचं नाही. टेबलावर ठेवायचं, मंग उचलायचं. वरून कॅमेरा पाहून राह्यते ना.”

“इथं कुठसा कॅमेरा आला?”

“तिच्या डोक्यात आहे ना बापा!”

दुसरी खोड म्हणजे, कोणतंही काम संपलं की ती दोन्ही हात एकमेकांवर झटकायची आणि तळवे उलटेसुलटे करून दाखवायची. पाहून घ्या, काही लपवलं नाही. पोळ्या झाल्या की तसं. वांगी निवडून झाली की तसं. भाजीवाला तर पहिल्यांदा घाबरलाच, त्याला वाटलं बाई शाप देऊन राह्यली. गल्लीतले पोट्टे तिची नक्कल करायचे. पुढे पुढे रुखसानाही कपबशा विसळून झाल्या की हात झटकून दाखवायला लागली, ते मला जास्त झोंबलं.

तर पायगाव. एका दुपारी काकूंनी तिला विचारलं, “तिथं जहाजावर कोणता खेळ खेळो वं तू? रमी का?”

“बरेच होते काकू. पण माह्या आवडीचा पाय गाव.”

“पायगाव? ते कुठसं? दारव्ह्याकडे येते का?”

“गाव नाही काकू, खेळाचं नाव आहे. चिनी आहे.”

काकूंनी कानाशी हात नेला. “तुह्या माहेरचे लोक चिनी हायेत?”

झालं. हसून हसून आमच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं परोपरीनं समजावलं. मुळात चिनी लोक हा खेळ काळ्या ठोकळ्यांवर खेळतात, त्यांच्यावर पांढरे ठिपके असतात, मग पुढे कुणीतरी तो पत्त्यांवर आणला, आपल्याकडे फारसा कुणाला ठाऊक नाही. पण काकूंनी घरी जाऊन सुनेला सांगितलं की समोरची नवीन बाई दारव्ह्याकडच्या पायगावची आहे, आणि दोन दिवसांत कुरिअरवालासुद्धा विचारायला लागला, “पायगाववाल्या मॅडम इथंच राह्यते का?” तिनं कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. हसायची आणि ‘हो’ म्हणायची. तांड्यावर घर नाही, दिग्रसला घर नाही, तर हे एक गाव फुकटात मिळालं, असं एकदा रुखसानाला म्हणाली होती.

शिकवावं मात्र तिनंच. एवढं मला जळताजळताही म्हणावं लागतं. पत्ते असे पिसायची की आवाज व्हायचा नाही. मग प्रत्येकीच्या पुढ्यात सात सात पत्ते सरकवले आणि म्हणाली, “या सातांचे दोन हात करायचे. एक पाच पत्त्यांचा, एक दोन पत्त्यांचा. पाचाची थोरली जाऊ, दोनाची धाकटी जाऊ समजा. दोघीबी चांगल्या नांदल्या पाह्यजे. पण धाकटी थोरलीच्या वर गेली का घर मोडलं. तो हात मेला.”

चिनी खेळ एवढ्यात आमच्या चटईवर येऊन बसला. आपली थोरली वाटणारीच्या थोरलीला भारी अन् आपली धाकटी तिच्या धाकटीला भारी, तर आपण जिंकलो. दोन्ही हलक्या पडल्या तर हरलो. एक इकडे एक तिकडे, तर बरोबरी. दोन हात अगदी सारखे निघाले तर ते वाटणारीच्या बाजूनं. पत्त्यांत एक जोकर असायचा, त्याला ती घरजावई म्हणायची. “एक्का म्हणून बसवा, नाहीतर रांगेत, एका रंगाच्या पाचात जागा रिकामी असन तिथं बसवा. बाकी तो कामाचा नाही.” यावर संगीताला इतकं हसू आलं की तिला पाणी पाजावं लागलं. तिच्या घरी घरजावई आहे.

मला पहिल्याच हाताला दोन एक्के आले आणि दोन चौके. मी विचार केला, दोन पत्त्यांची धाकटी बिचारी लहान, तिला चांगलं द्यावं. एक्के धाकटीत टाकले, चौके थोरलीत. पायगाववालीनं माझे पत्ते पाहिले आणि गालात हसली.

“ताई, धाकटीले सोनं अन् थोरलीले कथील? मोडलं ना घर.”

“ते सोताच घरात धाकटी सून आहे ना, म्हणून,” काकू म्हणाल्या. त्यांना हे बरोबर ऐकू आलं होतं. सगळ्या हसल्या. सगळ्यांत जास्त रुखसाना हसली, आणि हसता हसता टाळी द्यायला तिनं हात पुढे केला तो पायगाववालीकडे. इतक्या वर्षांत ती टाळी माझ्याकडे यायची.

हेच या खेळाचं कुलक्षण. यात जोडीदारच नाही. ज्याचा तो खेळतो, अन् सगळे मिळून वाटणारीकडे तोंड करून बसतात. चौघींचं रिंगण मोडून आमची शाळा झाली. मी नाक खाजवलं तरी रुखसाना बघेना, तिला गरजच नव्हती. डावावर पैशांऐवजी लावायला बटणं माझ्या दुकानातली, चटई माझी, चहा माझा, अन् कौतुक पायगाववालीचं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ना, तसं.

त्यात ती स्वतः जिंकायची धडपडही करायची नाही, याचा मला आणखी राग. आपले सात पत्ते ती उघडे मांडायची आणि ठरलेल्या नियमानं लावायची. सारख्या पत्त्यांची जोडी एकच आली तर थोरलीत, दोन आल्या तर दोघी जावांत कधी वाटायच्या, सगळं आधीपासून ठरलेलं. एकदा आम्हाला दिसत होतं की तिनं वेगळं लावलं असतं तर ती सहज जिंकली असती. रुखसाना म्हणाली, “अवं बदल ना, आम्ही काही नाही म्हणत.”

“नाही आपा. तुम्हाले मन आहे, तुम्ही विचार करा. वाटणारीले मन नसते. तिले घरची रीत.”

कॅसिनोला ती ‘घर’ म्हणायची. तिकडे तसंच म्हणतात म्हणे. घर जिंकलं, घराचा नियम, घरची रीत. हे तिचं पालुपदच होतं. संगीतानं एकदा आगाऊपणा करून विचारलं, सासर काहून सोडलं म्हणून. मला वाटलं आता रडेल. तिनं पत्ते पिसणंसुद्धा थांबवलं नाही.

“तिथंबी घरचीच रीत होती ताई. पगार नव्हता.”

तो खेळ तिला का आवडायचा तेही तिनं सांगितलं होतं. बाकीच्या टेबलांवर माणसं घाईत येतात, ओरडतात, उठून जातात. पायगावात बरोबरी फार होते. कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही, माणूस तासन्‌तास बसून राहतो. एक चिनी म्हातारी रोज तिच्याच टेबलाला यायची. भाषा एकमेकींची येत नव्हती. बरोबरी झाली की म्हातारी खूश होऊन टेबलावर बोटं वाजवायची. “तिले जिंकाचं नव्हतंच,” पायगाववाली म्हणाली, “जिंकली तरी उठा लागते, हरली तरी उठा लागते. बराबर झालं का बसता येते.” हे ऐकून रुखसानाचे डोळे भरले. मी उठून शटर वर करायला गेले, उन्हाचं गिऱ्हाईक नसताना.

आणि मग ती हातांची गोष्ट झाली. तिची एक सवय अशी की ती तोंडाकडे कमी पाहायची, हातांकडे जास्त. एका दुपारी वाटताना तिनं रुखसानाचे पत्ते मुद्दाम चटईच्या काठाबाहेर अर्धे सरकवले. मला वाटलं, नेम चुकला. दुसऱ्या दिवशीही तसंच. मी म्हटलं, “बाकीच्यांचे नीट, अन् तिचेच काहून बाहेर?”

“आपाले सपाट पत्ता उचलता येत नाही,” ती म्हणाली. “बोटं आखडली आहेत. काठावर असला का अंगठ्यानं उचलते.”

रुखसानानं पटकन हात ओढणीखाली घेतले. मग हळूच बाहेर काढले. बोटांचे सांधे सुजलेले होते, सकाळी पीठ मळवत नव्हतं, घरात कुणाला बोलली नव्हती. मी तिच्यासमोर इतकी वर्षं बसले. तिचं नाक पाहिलं, कान पाहिले, खोकला ऐकला, पण हात पाहिले नाहीत. हातांतून काही खूण येत नव्हती ना! पायगाववालीच तिला यवतमाळला डॉक्टरकडे घेऊन गेली. दोघी एसटीनं गेल्या, संध्याकाळी हसत आल्या, येताना माझ्यासाठी चिवडा आणला. मी तो चिवडा दुकानात येणाऱ्या पोरांना वाटून टाकला.

शारदोत्सव जवळ आला. स्पर्धेसाठी नावं द्यायची होती. मी नेहमीसारखं ‘मी अन् रुखसाना’ म्हणणार तोच रुखसाना म्हणाली, “यंदा शीलाले घेते वं जोडीले. तिनं कधी जोडीनं काही खेळलंच नाही बिचारीनं. तू काय, नेहमीचीच.”

नेहमीचीच! घरच्या मिठालाही माणूस असं बोलत नाही. मी म्हटलं, “घे ना. माह्यं काय जाते?” आणि संगीताला जोडीला घेतलं. संगीता अध्यक्ष म्हणून ठीक आहे, पण पत्ते ती भाजी निवडावी तशी खेळते. तरी मी मनात ठरवलं होतं, यंदा नंबर गेला तर गेला, पण या दोघींना हरवायचं. रुखसानाला एकदा कळू दे की जोडीदार म्हणजे काय असतो.

मांडवात आमचा डाव लागला. भोवती बाया. पायगाववाली ताठ बसलेली, नजर पत्त्यांवर. रुखसानानं नाक खाजवलं. तिनं पाहिलंच नाही. रुखसानानं कान ओढला, ओढणी सावरली. हिचं लक्ष नाही. शेवटी रुखसाना खोकली. चांगली दोनदा खोकली.

पायगाववालीनं हात वर केला. “खेळ थांबवा.”

सगळा मांडव थांबला.

“आपानं खोकून इशारा केला,” ती शांतपणे म्हणाली. “हा डाव बाद करा.”

स्वतःच्या जोडीदाराला! माझा हात त्या वेळी कानाशी होता, खरोखरच डास चावला होता, तो तिथंच राहिला. आणि तेवढ्यात देशमुखकाकूंचा आवाज आला. “म्हंजे इतके वर्ष हा खोकला नव्हता का वं?”

सगळ्या बाया आधी रुखसानाकडे आणि मग माझ्याकडे बघायला लागल्या. माझ्या समोर बसलेली अध्यक्षीणबाई तर आ वासून बघत होती. लाज वाटली, पण खरं सांगू? आतून मला उकळ्या फुटत होत्या. आता तुटलं यांचं, मी म्हटलं. भर मांडवात पाणउतारा केला, आता रुखसाना हिचं तोंड बघणार नाही. माझी रुखसाना माझ्याकडे परत येणार.

रुखसाना लालबुंद झाली. आणि मग जी हसायला लागली! पोट धरून, चटईवर लोळून. “अपनेइच पार्टनर को पकडी रे बापा! कितनी सच्ची है ये पोट्टी!” असं म्हणत तिनं पायगाववालीच्या गळ्यात हात टाकला. ती बिचारी गोंधळून गेली होती, आपलं काय चुकलं तेच तिला कळत नव्हतं. “घरची रीत आहे ना आपा,” एवढंच पुटपुटत होती.

त्यांचा डाव बाद ठरला, म्हणून तो मी आणि संगीतानं जिंकला. पुढचेही जिंकले. स्टीलचा डबा मिळाला. तो अजून मी फडताळातून काढलेला नाही.

थंडीत तिची याडी गेली. तेरवी झाल्यावर भावानं तिला चहासुद्धा विचारला नाही, असं तांड्यावरची माणसं सांगत होती. काही दिवसांनी कंपनीचा फोन आला, परत जहाजावर. तिनं खोली आवरली, स्कूटी विकली. निघायच्या दिवशी मी पोचवायला गेले. मायेनं नाही. तिला बसमध्ये बसलेलं मला डोळ्यांनी पाहायचं होतं. रुखसाना आली नाही. दाराशीच म्हणाली, “मले नाही पाहवत वं, तू जाय,” आणि आतून कडी लावून घेतली.

यवतमाळची बस लागलेली होती. ती खिडकीशी बसली. खाली मी. ती माझ्याशी बोलत होती, पण नजर सारखी स्टँडच्या फाटकाकडे. कंडक्टर चढला तशी ती म्हणाली, “ताई, आपा नाही आल्या?”

माझ्या जिभेच्या शेंड्यावर होतं, तिले काम निघालं. एवढं म्हटलं असतं की संपलं असतं. तिनं मान हलवली असती, बस गेली असती, आणि रुखसाना माझी ती माझीच राहिली असती. पण मी वर पाहिलं. पत्ते वाटताना कधी न हललेला तो चेहरा पार उतरला होता.

“रडून राह्यली घरी,” माझ्या तोंडून निघून गेलं. “सकाळपासून. ओढणीचा बोळा तोंडात धरून रडून राह्यली तुह्यासाठी. म्हणून नाही आली.”

“माह्यासाठी?” तिनं विचारलं. पुन्हा विचारलं, “खरंच ताई, माह्यासाठी?”

मी मान हलवली. तशी ती हसायलाही लागली अन् रडायलाही लागली. खिडकीच्या गजांना कपाळ लावून बाई एकटीच हसत-रडत होती. बस सुटली तेव्हा मला हात करायचंही तिच्या ध्यानात राहिलं नाही. वळणावर बस दिसेनाशी होईपर्यंत तिचा तो ओला, हसरा चेहरा मला दिसत होता.

मी स्टँडवर तशीच उभी राहिले. इतकी वर्षं समोर बसले, पण माझ्यासाठी रुखसाना एकदाही अशी रडलेली नाही. रडेल कशी? मी कधी दिग्रस सोडून कुठं गेलेच नाही.